काकूंनी चाखल्याशिवाय

काकूंनी पहिल्या पातेल्यातलं पिवळंधम्मक चमचाभर तोंडात घेतलं, डोळे मिटले आणि फर्मान सोडलं, "मीठ कमी आहे. दोन चमचे टाका."

पातेल्यात कस्टर्ड होतं.

भोपळ्याचं सूप शेजारच्या शेगडीवर होतं, तेही तितकंच पिवळं. पहिल्या शेगडीवर सूप, ही या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची वहिवाट. आज लंबू आचाऱ्याने नेमकी पातेली उलटसुलट ठेवली होती. एरवी इथे नुसता झारा पडला तरी हशा पिकायचा. आज कोणी हसलं नाही. भाजी चिरणाऱ्या ताई सुरीकडे बघत राहिल्या. भांडी घासणाऱ्या मावशींनी घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. आणि लंबू "हो काकू" म्हणत मिठाच्या बरणीपाशी गेला, चमचा आत खणखणवला आणि रिकामाच चमचा घेऊन परत आला. वर तो कस्टर्डवर झटकलासुद्धा.

काकूंनी ते पाहिलं. जीभ गेली होती, डोळे शाबूत होते.

तापातून उठल्याला तीन आठवडे झाले, तेव्हापासून त्यांना मीठ आणि साखर यांतला फरक कळत नव्हता. काहीही खाल्लं तरी ओला कागद चघळल्यासारखं. पण काकूंनी चाखल्याशिवाय इथलं एकही पातेलं वर वॉर्डात जात नसे. ते चाखणंच गेलं तर मोठ्या आचारीणबाई म्हणून आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने त्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. रोज अंदाजपंचे कधी मीठ सांगायच्या, कधी मिरपूड, आणि वेळ मारून न्यायच्या.

"कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"काय, काकू?" लंबू म्हणाला.

"जास्त शहाणपणा नको."

लंबूने मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही माझ्या हातच्या सूपला छान म्हणालात."

ताईंनी तोंडावर हात दाबला, पण हसू फुटायचं ते फुटलंच. मग सगळंच बाहेर आलं. काकू फेरीला यायच्या आधी तिघंही चाखून घेत. मिठाचं लंबू बघायचा, तिखटाचं ताई, आणि खोड काढायला मावशी, कारण जगातली कुठलीच गोष्ट मावशींना पसंत पडत नसे. तिघांचं एकमत झालं की काकूंना हाक मारायची. त्या सांगतील त्याला हो म्हणायचं आणि त्यातलं काही टाकायचं नाही.

काकूंना राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी अ‍ॅप्रनची गाठ सोडली. "मग माझं इथे कामच काय? आत्ता वर जाऊन साहेबांना सांगून टाकते."

"सांगा की," मावशी म्हणाल्या. "पण आधी त्या सूपचं बघा. मीठ बरोबर, तिखट बरोबर, तरी काहीतरी चुकतंय. तीन आठवडे असंच चाललंय. पेशंट संपवतात, पण पुन्हा मागत नाहीत."

ट्रॉली वर न्यायला वीस मिनिटं उरली होती. काकू दारापर्यंत गेल्या, तिथे घुटमळल्या आणि मागे फिरल्या.

"चमचे आणा. धुतलेले. आणि छान-बिन काही सांगू नका. जिभेला काय लागतं तेवढंच सांगा."

"गोड लागतंय," सूप चाखून लंबू म्हणाला.

"आधी का मागून?"

"आधी. मग काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय रे?"

"म्हणजे... पाहुणे येऊन न बोलता बसल्यासारखं."

"मिरी?"

"आहे," ताई म्हणाल्या, "पण ती एका बाजूला, भोपळा एका बाजूला. दोघांचं पटत नाही."

"भोपळा जून होता?"

"चिरताना हात दुखले माझे."

काकूंनी डोळे मिटले. मघासारखं दाखवायला नाही, या वेळी खरोखर विचार करायला. मग म्हणाल्या, "दोन लिंबं पिळ. पण आधी गॅस बंद कर. आणि वरून आलं किसून, अगदी थोडं."

लंबूने लिंबं पिळली, ताईंनी आलं किसलं. मावशींनी नवा चमचा घेतला. बाकीची तिघं मावशींच्या तोंडाकडे बघत राहिली. काकूंनी तर अ‍ॅप्रनचे सोडलेले बंद हातात घट्ट धरून ठेवले होते.

मावशींनी चमचा बाजूला ठेवला आणि मांडणीवर वाटी शोधू लागल्या.

"अहो मावशी," काकू ओरडल्या, "पेशंटांना ठेवा!"