कोपराचं माप

ओट्याचा जुना कडप्पा तडकला म्हणून जोतीरामअण्णांनी आधी शोरूमला फोन लावला. "नवा ओटा जुन्याइतकाच बुटका पायजे," म्हणाले, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, आमची हाईट स्टँडर्ड असते. सगळ्यांना चालते." अण्णांनी फोन ठेवला आणि चौकातल्या बंडू मिस्त्रीला बोलावलं.

बंडूनं टेप काढायच्या आधीच विचारलं, "अण्णा, सैपाक कोण करतं? त्यास्नी हितं हुभं करा. ओटा कोपराच्या चार बोटं खाली बसला पायजे."

अण्णांनी तळहात स्वतःच्या छातीवर आडवा धरला. "हितवर यायचं आमच्या हिचं डोकं. त्यावरनं धर की कोपर."

बंडूनं टेपचं टोक अण्णांच्याच कोपराला लावलं. म्हणाला, "म्हंजे आता सैपाक तुमीच करताय. मग तुमच्या मापानं घेऊया की. बुटक्या ओट्यावर वाकून वाकून कंबर धरंल तुमची."

"धरू दे. उंच केलास तर ती जागा माझी हुईल, बंडू. आता कसं, वाटतं, ती जरा शेजारी गेलीया. ती येस्तवर गॅसवरचं दूध बघाय मी नुसता हुभा हाय."