चौकटीवरची पेटी

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हन्नोक नवगावकरनं घाण्याचं शटर खाली ओढलं, तेव्हा समोरच्या आपल्या तेलाच्या दुकानात बसून भुजंग तेच बघत होता.

"मामा, उद्या शनिवार हाय," तो मुद्दाम म्हणाला. "मारुतीला तेल घालायला सगळं ताडकळस येईल."

"येऊ दे की. तू हाईस ना."

हन्नोक हसला. दाराच्या उजव्या चौकटीवर ठोकलेल्या लाकडी पेटीला त्यानं बोटं लावली, ती बोटं ओठांना लावली आणि घरात गेला.

हन्नोकचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कोकणातून पूर्णा जंक्शनला आले होते आणि मग ताडकळसलाच राहिले. ते बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणात त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. हन्नोकनंही तेच चालवलं होतं. तेलाचा सगळ्यांत मोठा दिवस, आणि त्याचं दुकान बंद. तरी रविवारी सकाळी गिऱ्हाईक डबे घेऊन त्याच्याच पायरीवर बसलेलं. भुजंगाचं दुकान रोज उघडं. त्याच्याकडं माणसं यायची ती शनिवारी, आणि तीही नाइलाजानं.

हन्नोक आपल्यापेक्षा जास्त राबला असता, तर भुजंगानं समजून घेतलं असतं. पण तो कमी राबायचा आणि वर निवांत झोपायचा. हेच भुजंगाच्या पोटात आग लावायचं.

त्यानं एकदा विचारलंही होतं, दुकान बंद ठेवायची भीती वाटत नाही का म्हणून.

"आधी वाटायची," हन्नोक म्हणाला होता. "आता देणाऱ्यावर सोडलंय. आठवडाभर मी बघतो, शनवारी तो बघतो."

भुजंगाला असं कुणावर सोडता येत नव्हतं. दिवाळीपर्यंत बस्तान बसलं नाही, तर दुकान मोडून परभणीला मेहुण्याच्या हाटेलात कामाला जायचं ठरलं होतं. मेहुणा फोनवर हसत विचारायचा, "दाजी, कपबशा विसळायला कवा येताव?"

भुजंगाची बायको रेणुका दुपारी समोर हन्नोकच्या बायकोकडे, मलकाबाईंकडे जाऊन बसायची. पोळ्याच्या आधी एकदा ती डोळे सुजवून परत आली, तेव्हा भुजंग तिच्यावर भडकला.

"त्यांच्यापुढं रडू नगंस. हसतेत ते आपल्याला."



त्याच आठवड्यात हन्नोकचा पुतण्या ठाण्याहून येऊन गेला. तो निघायच्या दिवशी दोघांनी ती पेटी चौकटीवरून उतरवली, हळुवार उघडली आणि पुसून परत जागच्या जागी ठोकली. भुजंग दुकानातून बघत होता. एवढी जपणूक उगाच नाही, हे त्याला तेव्हा कळलं. यांची बरकत त्या पेटीत होती.

पुढच्या शनिवारी दुपारी सगळी गल्ली मारुतीच्या देवळाकडे गेली होती. हन्नोकच्या घरात सामसूम होती. भुजंगानं पक्कड घेतली, रस्ता ओलांडला आणि पेटी काढून आणली. आपल्या दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या मागं, त्यानं ती ठोकून टाकली.

सोमवारी सकाळी कुणी बघत नाही असं पाहून त्यानं पेटीला बोटं लावली. मग रोजच्यासारखा पामतेलाचा डबा उचलला, करडीच्या तेलात मिसळायला. पण हात पुढं जाईना. कॅलेंडरमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं. त्यानं डबा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

हळूहळू त्याची घालमेल थांबली. आता सगळं पेटीवर होतं. गिऱ्हाइकाशी तो शांतपणे बोलू लागला, बायकांना तेल हुंगून, चाखून बघू देऊ लागला. रात्री त्याला झोप लागू लागली. दसऱ्यापासून मंगळवारी-बुधवारीही लोक येऊ लागले. दिवाळीत हात रिकामा राहिना. मेहुण्याचा फोन आला, तो तेलाच्या भावाची चौकशी करायला.

एकच सल होती. बरकत इकडं आली, तरी समोरचं काही कमी होत नव्हतं. हन्नोक रोज चौकटीवरच्या मोकळ्या खिळ्यांना बोटं लावायचा, ओठांना लावायचा आणि तसाच हसत आत जायचा. भुजंगाला ते बघवत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी मलकाबाईंनी भुजंग आणि रेणुकाला मलिद्याला बोलावलं. नवस फेडायचा म्हणजे त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करत. ताटात गुळाचे पोहे, ओलं खोबरं, वर फळं. हन्नोकनं प्रार्थना म्हटली. ठाण्याचा पुतण्याही आला होता. त्यानं पिशवीतून कातड्याची एक छोटी गुंडाळी काढून काकाच्या हातात दिली.

"हे काय हो, मामा?" रेणुकानं विचारलं.

"दारावरच्या पेटीतलं. देवाचं वचन लिवलेलं असतंय. अक्षर पुसलंय का, ते मधून मधून तपासून घ्यावं लागतंय. पोळ्याच्या आधीच काढून ठाण्याला दिलं व्हतं."

"आन पेटी?"

"ती रिकामीच ठोकली व्हती. नेली कुणीतरी." हन्नोक गुंडाळी डोळ्यांना लावत होता, त्यानं वर पाहिलं नाही. "नवी करू."

रोज सकाळी आपण कशाला बोटं लावत होतो, हे भुजंगाला उमगेना. आपला चेहरा कुणी बघू नये म्हणून त्यानं मलकाबाईंना विचारलं, "मामी, नवस कशाचा व्हता?"

मलकाबाईंनी रेणुकाकडे पाहिलं. रेणुकानं मान खाली घातली.

"पोळ्याच्या आधी ही रडत आली व्हती ना, त्याच दिशी एलियाहू हन्नाबीला बोलले," त्याच्या ताटात आणखी पोहे वाढत मलकाबाई म्हणाल्या. "समोरचं दुकान चालू दे, मलिदा करीन."