मॅडमच्या गळ्यातला पट्टा

बातमी टीव्हीवर लागली की वनखात्याचा पिंजरा येतो, एवढाच निरगुडसरच्या कोंडाबाईचा हिशेब होता. तिच्या कांद्याच्या वावराला लागून ऊस होता, उसात बिबट्या होता, आणि तो मानच धरतो म्हणून खुरपायला जाताना ती बाहेरून टोकदार खिळे असलेला चामडी पट्टा गळ्यात बांधत होती.

पण त्या आठवड्यात टीव्हीला सवडच नव्हती. सोमवारी क्रिकेटचा कप जिंकला, बुधवारी एका आमदारानं पक्ष बदलला, शुक्रवारी मालिकेतल्या एका सुनेचा साखरपुडा झाला. रविवारी तीच सून प्रचारसभेसाठी तालुक्यात आली, तसा गावचा बातमीदार ज्ञानेश्वर पळतच कोंडाबाईच्या वावरात आला.

"मावशे, पट्टा दे तुझा. मॅडम गळ्यात घालत्यात. मग बघ बातमी कशी पळती."

"अन् माझ्या गळ्यात असल्यावर पळत न्हाई व्हय?"

"तुला कोण बघतंय, मावशे!"

"बिबट्या बघतोय की," कोंडाबाई म्हणाली, पण पट्टा सोडून दिला.

बातमी लई पळाली. पिंजराही आला, दुसऱ्याच दिवशी. पण बातमीत दिसलेल्या सभेच्या मैदानाच्या कडेला. पट्टा मॅडमनी आठवण म्हणून मुंबईला नेला.

चॅनेलला प्रेक्षक मिळाले, उमेदवाराला टाळ्या मिळाल्या, ज्ञानेश्वरला मॅडमसोबत फोटो मिळाला. मंगळवारी कोंडाबाईनं मानेभोवती पदराचे दोन वेढे घट्ट आवळले आणि उसाकडं पाठ करून ती खुरपायला बसली.