पोटात गेलेलं पोस्टर

नाटकवाले मॅनेजर पोस्टर बघायला दुकानात आले होते. एक माझ्या लेकाने केलं होतं, एक सुनेने. लेक तिला म्हणाला, "तुझं राहू दे. गिऱ्हाईकासमोर हसं करशील माझं." सून डोळे पुसत आत कागद आणायला गेली.

आमच्याकडे कॉम्प्युटर दोन आणि प्रिंटर एकच, पण घरातल्या पुरुषांपेक्षा शहाणा. ज्याचं काम आधी येईल त्याचं आधी छापतो, मग पुढचं. कोणाचं आहे ते विचारत नाही.

लेकाचं पोस्टर निघू लागलं, तोच सुनेच्या पडद्यावर त्याला दिसलं, की तिचंही छापायला गेलंय. रागाने त्याने तिच्या कॉम्प्युटरची वायरच उपटली.

मी मॅनेजरना खुर्ची दिली. "बसा साहेब, अजून एक यायचंय."

"काही येत नाही, आई. बंद केलाय मी."

"अरे दीडशहाण्या, घास गिळल्यावर ताट ओढून काय उपयोग? प्रिंटरच्या पोटात गेलंय ते."

प्रिंटर जरा गुरगुरला आणि लेकाच्या पाठोपाठ सुनेचं पोस्टर बाहेर पडलं. मॅनेजरनी ते उचललं ते खाली ठेवलंच नाही. "हेच! गावभर हेच लावायचं."

कागद घेऊन आलेल्या सुनेवर लेक खेकसला, "नको म्हटलं होतं ना? तरी पाठवलंस?"

"अहो, मी कुठे..."

"तिला काय विचारतोस?" मी म्हटलं. "कॉम्प्युटरमधलं मला तेवढं एकच बटण येतं."