तेरावी चौकट

"नव्या लस-कार्डावर चौकटी किती ठेवायच्या?"

खिळेकाकांनी विचारलं, पण इतक्या हळू, की आरोग्य कचेरीतल्या बाईंना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपून जमाना झाला, पण काकांचं नाव तेवढं राहिलं होतं.

काकांनी मानेनंच मागे खूण केली. छापखाना आणि घर यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा पडदा होता. त्याच्याआड काकू लिफाफ्यांना गोंद लावत बसल्या होत्या. काल त्यांनी बारावी लस टोचून घेतली होती. अंगात अजून कणकण होती, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि तरी सकाळपासून त्या गुणगुणत होत्या.

गुणगुणणार नाहीत तर काय! बारावी झाली. कार्ड भरलं. काकूंना दुसऱ्याची किडनी बसवलेली. ती अंगानं नाकारू नये म्हणून रोजच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी आजाराशी लढायची ताकदच मारलेली. त्यामुळे इतरांना वर्षाला एक लस, तर काकूंना तीन. अशी चार वर्षं. तिकडे विषाणूनं कात टाकली की इकडे काकूंनी दंड पुढे करायचा. मग तीन दिवस ताप. ताप उतरला की उशीखालून कार्ड काढायचं आणि बोट ठेवून मोजायचं. राहिल्या पाच. राहिल्या चार. डॉक्टर "बघू" म्हणायचे, कार्ड बारा म्हणायचं. काकूंनी कार्डावर विश्वास ठेवला.

बारावी भरली की मी मोकळी, त्या म्हणायच्या. सरळ धाकटीकडे जाऊन राहणार. तिची पोरं अंगावर लोळली तरी चालेल, पडदाबिडदा काही नको. धाकटी बहीण रविवारी न्यायला येणार होती. पिशवी भरून झाली होती.

"आकडेच नकोत म्हणतात वरचे," बाई म्हणाल्या. काउंटरवर दिवसभर ओरडून त्यांचा आवाज कायमचाच चढला होता. "एक, दोन, तीन छापलं की लोक विचारतात, शेवटची कुठली? काय सांगणार, कप्पाळ! तुम्ही आपल्या नुसत्या रेघा मारा. आणि कडेला दोन भोकं. पानं जोडता आली पाहिजेत."

"जरा हळू बोला हो."

"का, कोण झोपलंय?"

काकांनी छापून ठेवलेला नमुना त्यांच्यापुढे सरकवला.

नाव
जन्मतारीख
लस, तारीख, सही
लस, तारीख, सही
लस, तारीख, सही
लस, तारीख,
(पुढील पान जोडावे)

पडद्याआडचं गुणगुणणं थांबलं होतं.

"बाराच ठेवू ना पुन्हा," काका म्हणाले. "माणसाला बरं वाटतं."

"तुमचं आपलं बारा!" बाई हसल्या. "मागच्या वेळी मी वीस सांगत होते. तुम्हीच म्हणालात, बाई, ह्या कागदावर बाराच बसतात, तेरावी घेतली तर सहीला जागा उरत नाही. साहेबांनी तसंच मंजूर केलं. विसरलात?"

विसरले नव्हते. पट्टी लावून त्यांनीच रेघा आखल्या होत्या. पहिलं कार्ड हातात आलं तेव्हा काकूंनी विचारलंही होतं, "बाराच का हो?" काका कागद कापत होते. मान वर न करता म्हणाले होते, "असेल डॉक्टरांचा काहीतरी हिशोब." एवढंच. पुढे चार वर्षांत खरं सांगण्याजोगा एक दिवस त्यांना सापडला नाही. ताप असताना कसं सांगायचं? आणि ताप नसताना तर कशाला?

पडदा बाजूला झाला. बाईंनी हनुवटीवरचा मास्क घाईघाईनं नाकावर ओढला आणि दोन पावलं मागे सरल्या. काकूंच्या तोंडावर मात्र काही नव्हतं. बोटांना गोंद तसाच.

"म्हणजे कागदामुळे," त्या म्हणाल्या.

काकांना नमुना उचलून कुठेतरी ठेवायचा होता. तो त्यांनी नुसताच उलटा केला. मागेही रेघा होत्या.

"वहिनी, तसं नाही हो," बाई म्हणाल्या.

काकूंनी काकांकडे पाहिलं. रागानं नाही. काकांना राग चालला असता.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच जरा लहान कागद घ्यायचा होतात."