आजाराचं नाव

शैलाताईंनी पत्र टेबलावरून अनघाकडे सरकवलं.

“ही सही तुझी ना?”

केंद्राचा शिक्का, तारीख, खाली तिचं नाव. तीन आठवड्यांपूर्वी बाबाजी धुरींना हे पत्र तिनेच दिलं होतं.

“हो.”

“मधली ओळ वाच. मोठ्याने.”

“यांना भास होतात. सायकोसिस या गंभीर मनोविकाराची लक्षणं दिसतात.” अनघाने वाचलं.

चोआ चू कांग या उपनगरातल्या या समुपदेशन केंद्रात ती दीड वर्ष काम करत होती. निदान करण्याची मान्यता मिळायला अजून आठ महिने शैलाताईंच्या देखरेखीखाली काढायचे होते. तोवर तिने ऐकायचं, टिपणं काढायची आणि दर शनिवारी ती त्यांच्यासमोर ठेवायची. आजाराला नाव द्यायचं की नाही, हे शैलाताई ठरवणार.

“तुम्ही सुट्टीवर होतात,” अनघा म्हणाली. “त्यांना दुसऱ्या दिवशी कंपनीत पत्र द्यायचं होतं.”

“इथे येतात एवढंच लिहून हवं होतं त्यांना. तुला ते काय म्हणाले होते? त्यांच्या शब्दांत सांग.”

“बायको गेल्यापासून जेवायला बसले की तिच्याशी बोलतात. म्हणाले, ती समोर बसलेली असते.”

“दिसते म्हणाले?”

“नाही.”

“तू विचारलंस?”

अनघाने मान हलवली. विचारलं नव्हतं.

“माझी आई बाबांच्या फोटोशी भांडायची,” शैलाताई म्हणाल्या. “रोज. तिलाही तू हेच लिहून दिलं असतंस?”

त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर अनघाने ते पत्र टाइप केलं होतं. ‘सायकोसिस’ हा शब्द पडद्यावर उमटला तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. सही करण्याआधी तिने तो तीनदा वाचला होता.

“मला तो शब्द लिहायचा होता,” ती म्हणाली.

शैलाताईंनी पत्र परत आपल्याकडे ओढलं.

“कंपनीने त्यांचा जुरोंग आयलंडवर कामाला जायचा पास काढून घेतलाय. तीन आठवडे घरी बसलेत. कंपनीला मी आजच लिहितेय, चूक आमची म्हणून. मान्यता देणाऱ्यांनाही कळवावं लागेल.”

“हो.”

“ते बाहेर बसलेत. त्यांना तू सांगायचंस. मी इथेच आहे.”

बाबाजी धुरी आत आले. पन्नाशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची फाइल. बसा म्हटल्यावरच बसले. आणि अनघाने तोंड उघडायच्या आत म्हणाले, “मॅडम, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली का?”

अनघाचे कान तापले.

“काका, मी पत्रात लिहिलं ते चुकीचं होतं. तसं लिहायचा मला अधिकार नव्हता. आणि मी तुम्हाला नीट विचारलंही नव्हतं.”

बाबाजींनी शैलाताईंकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

“म्हणजे मला तो आजार नाही?”

“तुम्ही जे सांगितलंत त्यात मला तरी आजार दिसत नाही,” शैलाताई म्हणाल्या. “आज मी स्वतः तुमच्याशी नीट बोलणार आहे. आणि कंपनीला कळवणार आहे.”

पासबद्दल ते काही विचारतील असं अनघाला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. फाइल मांडीवर सरळ केली.

“पत्र वाचलं, त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं,” ते म्हणाले. डॉक्टरला पथ्य नीट पाळल्याचं सांगावं तसं सांगत होते. “तुम्ही शिकलेली माणसं, उगाच नाही लिहिणार. पहिले चार दिवस फार जड गेले, मॅडम. घास तोंडात घेऊन नुसता बसायचो. मग जमलं.”

“काका, बोला ना तुम्ही,” अनघा घाईने म्हणाली. “तिच्याशी बोलण्यात काहीच वावगं नाही.”

बाबाजी किंचित हसले. तिचं मन राखण्यासाठी हसावं तसं.

“काल बघितलं बोलून. चोरून,” ते म्हणाले. “आता समोर नुसती खुर्ची असते.”