तीन पाण्यांनी

शेवंतीकाकीनं जाळीच्या पेटीत हौसेनं नाकतोडे पाळले होते. तिची धुळीची तक्रार बघायला खाणीवरचा साहेब आला आणि ओसरीवर बसूनच म्हणाला, "बाई, आमची धूळ तुमच्या घरापर्यंत येतच नाही."

काकी भांडली नाही. तिनं कुंपणाकडचं मूठभर गवत पेटीत टाकलं. एकाही नाकतोड्यानं त्याला तोंड लावलं नाही. तेच गवत तिनं तीन पाण्यांनी धुऊन परत टाकलं, तसे सगळे त्यावर तुटून पडले.

"किड्यांचं काय घेऊन बसलात!" साहेब हसला.

"ऱ्हवांदे. च्या घेवा." काकीनं ओसरीच्या फळीवरचा कप उचलून त्यात चहा ओतला. "कप सकाळधरून हयच होतो. धुवूक नाय हां."

साहेबानं तोंडाकडे नेलेला कप अर्ध्यावरच थांबला.

"दिया हय," काकी म्हणाली, "तुमकापण कप तीन पाण्यांनी धुवन हाडतंय."